प्रति: पियानो म्हणजे नुसती साथ?

फ्रेंच गाण्यांत पियानो फक्त साथीला असतो, हे मत पटलं नाही. फ्रेंच संगीतकार आंरी द्युपार्कचं १८७० चं 'लँव्हितास्यों ओ व्वायाज' (प्रवासाचं आमंत्रण) हे गाणं ऐका. सुरुवातीला खर्जात सा-प बराच वेळ धरून ठेवलेले, अगदी तानपुऱ्यासारखे, आणि वर उजवा हात झुळझुळतोय. 'तिथे सगळी सुव्यवस्था आणि सौंदर्य' हे ध्रुवपद पहिल्यांदा येतं तेव्हा ती झुळझुळ थांबते, गाणारा जवळजवळ एकाच स्वरावर बोलल्यासारखा गातो. मूड बदलतो तो पियानोमुळेच!

आणखी एक: हे गाणं फ्रेंच कवी बोदलेअरच्या कवितेवर आहे, आणि त्या मूळ कवितेत कडवी तीन. मधलं, जुन्या चकचकीत लाकडी सामानाच्या खोलीचं, द्युपार्कने सरळ गाळलं. (बरंच केलं.) त्यामुळे गाणं थेट कालव्यातल्या झोपलेल्या जहाजांपाशी पोचतं.