गाल बसलेत, चेहऱ्याचे रोजचे सोपे व्यायाम सुचवा

भाकरवडी_७८
दीड वर्षात अकरा किलो उतरवले. पोट गेलं, गुडघे कुरकुरायचे थांबले, पण गाल बसले. परवा केळवणाला गेले तर मामेसासूबाईंनी दारातच विचारलं, "अगं, बरं नव्हतं का तुला?" एवढा घाम गाळून हे ऐकायचं!
वय ४७. फिलर, इंजेक्शनं नकोत. यूट्यूबवर एक बाई म्हणते कपाळ वर खेचा, दुसरी म्हणते हात पण लावू नका. कुणी स्वतः करून फरक पडलाय का? दोन-चारच सांगा, तीस प्रकारांची यादी नको.

आळशी_अजगर
हसा. फुकट आहे.

भाकरवडी_७८
अजगरा, हसूनच तर डोळ्यांच्या कडेला रेघा पडल्यात.

कोथिंबीरवाली
मी पाच महिने केलं. गालांना थोडा फरक पडला, कपाळाला आणि डोळ्यांच्या रेघांना शून्य.
अगदीच हवेतलं नाही हे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा एक छोटा अभ्यास २०१८ मध्ये आला होता, ४० ते ६५ वयाच्या बायकांवर. आठ आठवडे रोज अर्धा तास, पुढे विसाव्या आठवड्यापर्यंत दिवसाआड. आधीचे-नंतरचे फोटो बघून डॉक्टरांनी वय ओळखायचं होतं. सरासरी अंदाज ५०.८ वरून ४८.१ वर आला. सुधारणा दिसली ती गालांच्या भरीवपणात, म्हणजे तुम्हाला हवं तेच. पण शेवटपर्यंत टिकल्या १६ जणी, आणि व्यायाम न करणारा गट तुलनेला नव्हताच. तेव्हा फार हुरळून जाऊ नका.
माझा मुख्य व्यायाम: तोंडाचा लांबट 'ओ', वरचा ओठ दातांवर ताणलेला. आता ओठ तसेच ठेवून फक्त गालांनी हसायचं. तर्जनी गालाच्या वरच्या भागावर नुसती टेकवायची, गाल बोटाखाली लाडवासारखा टम्म वर आला पाहिजे. सोडा, पुन्हा उचला. दहा वेळा झाल्यावर गाल थरथरायला लागतात, म्हणजे बरोबर चाललंय. डोळे बारीक होत असतील तर चुकतंय, त्याने रेघाच वाढतील. पहिले आठ दिवस मला हे जमलंच नाही, नुसतं तोंड वेडावणं चाललं होतं.
दुसरा म्हणजे बिनपाण्याची चूळ. हवा या गालातून त्या गालात. भांडी घासतानाही होतो.
कातडी ओढायची नाही, खसाखसा चोळायचं तर नाहीच.

योगायोग
गळ्याखालच्या सैल कातडीसाठी जिव्हाबंध करा. पूर्ण जीभ टाळूला चिकटवायची आणि ती सुटू न देता तोंड हळूहळू उघडायचं. हनुवटीखाली ताण लगेच कळतो. पाच-सहा वेळा पुरे. जोडीला सिंहमुद्रा, म्हणजे तोंड मोठं उघडून जीभ पूर्ण बाहेर काढायची. मानेचा त्रास असेल तर मान मागे टाकू नका. लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेत शिकत होते तेव्हा आम्ही ही मुद्रा करताना एकमेकींकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं, नाहीतर वर्ग बसायचा हसत.

सातवी_नस
जरा वेगळ्या वाटेने आलोय. तीन वर्षांपूर्वी बेल्स पाल्सी झाली, अर्धा चेहरा लुळा. सकाळी चूळ भरली तर पाणी एका बाजूने थेट बनियनवर. शेजारच्या काकांनी सांगितलं, फुगे फुगव. मी दिवसाला वीस-वीस फुगवले. पुढे घास चावला की डोळा मिटायला लागला! फिजिओताईंनी फुगे बंद करायला लावले. नस भरून येताना चुकीच्या स्नायूकडेही जोडली जाते, आणि जोर लावला की चुकीच्या हालचालीच घोटल्या जातात, असं त्यांनी समजावलं. मग आरशासमोर अगदी हळू, अर्धंच हसू, दोन्ही बाजू सारख्या हलतील एवढंच.
धडधाकट माणसालाही आरसा हवाच. आणि चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला तर व्यायाम शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. पक्षाघातही असू शकतो.

खडीसाखर
जबड्यासाठी चावायचे रबरी गोळे मिळतात, ते घेऊ नका. आमच्या चिरंजीवांनी महिनाभर चावले. जबडा आता जांभई देताना कट्ट वाजतो. शिवाय चावायचा स्नायू फुगला की चेहरा उलट रुंद दिसतो.

भाकरवडी_७८
तीन आठवडे झाले. अर्धा तास सलग नाही जमत. कुकर होईपर्यंत गाल, आंघोळीआधी जिव्हाबंध. दिसण्यात फरक नाही, पण गाल आता हुकमावर उचलला जातो. फक्त डावा उजव्यापेक्षा कमी. @सातवी_नस, घाबरू का?

सातवी_नस
जुने फोटो काढून बघा. आधीपासून तसाच असेल तर काही नाही, नवीन असेल तर डॉक्टरांना दाखवा.

भाकरवडी_७८
लग्नाच्या अल्बममध्येही डावा गाल आळशीच आहे. हुश्श.