घराच्या गॅरेजसाठी स्वतंत्र उभे राहणारे रॅक : मजबुती, खर्च आणि आपापले अनुभव

घराच्या गॅरेजमध्ये गाडीखेरीज रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, हत्यारांच्या पेट्या, जादा टायर आणि क्वचितच लागणाऱ्या वस्तूंची खोकी साठत जातात. हे सारे जमिनीवरून उचलून नीट लावायचे आणि त्यासाठी भिंतीत काही ठोकायचे नाही, असे ठरवले की स्वतःच्या पायांवर उभा राहणारा रॅक घ्यावा लागतो. असे रॅक कसे निवडावेत, यावर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे अनुभव एका ठिकाणी यावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवातीला माझे मत मांडतो. ‘प्रत्येक कप्प्याला अमुक किलो’ हा छापील आकडा खोटा नसतो, परंतु तो वजन फळीभर सारखे पसरलेले आहे आणि रॅक सपाट जमिनीवर सरळ उभा आहे, असे धरून दिलेला असतो. तेच वजन फळीच्या मधोमध एकवटले, तर मध्यभागी वाकवणारा जोर दुप्पट होतो. गॅरेजमधील सामान नेमके असेच एकवटलेले असते : भिंतीच्या रंगाची २० लिटरची भरलेली बादली २५ ते ३० किलो भरते, गाडीची बॅटरी बहुधा १२ ते २० किलोंची असते आणि हे सारे वजन वीतभर जागेवर पडते. म्हणून रॅक पाहण्याआधी घरातील सर्वांत जड पाच-सहा वस्तू वजनकाट्यावर ठेवून त्यांची यादी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. सामानाचे वजन हाती नसेल, तर किंमत स्वस्त की महाग हेही ठरवता येत नाही.

आपल्या रॅकच्या फळीची लांबी, जाडी आणि तिच्यावर काय ठेवले आहे, एवढे तरी प्रत्येकाने लिहावे, ही विनंती.

*

माझ्याकडे भोकांच्या लोखंडी अँगलचे, नटबोल्टने जोडायचे रॅक बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि परवडणाऱ्या किमतीत यांच्याइतके भरवशाचे दुसरे काही मला मिळालेले नाही. घेताना विक्रेत्याला गेज विचारावे. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ : १४ गेजचा अँगल साधारण २ मिलिमीटर जाडीचा असतो, १८ गेजची फळी सुमारे १.२ मिलिमीटरची, तर २२ गेजची जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटरची. लांबून दोन्ही फळ्या सारख्याच दिसतात, म्हणून मी फळी उलटी करून पाहतो. पत्र्याची कड एकदाच खाली दुमडली आहे की दुमडून पुन्हा आत वळवली आहे, आणि फळीखाली लांबीभर घडीची एखादी पट्टी जोडली आहे की नाही, हे पाहिल्यावर फळीची खरी ताकद कळते. दुहेरी घडीची आणि खाली पट्टी असलेली पातळ फळी साध्या जाड फळीपेक्षा पुष्कळदा कमी वाकते.

दुसरी गोष्ट तिरक्या पट्ट्यांची. चार खांब आणि पाच फळ्या एवढ्यानेच उभा केलेला रॅक आपले वजन व्यवस्थित पेलतो, मात्र बाजूने धक्का लागताच चौकटीचे कोन बदलू लागतात आणि सगळा सांगाडा एका अंगाला कलतो. पाठीमागे फुलीसारख्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यांना त्रिकोणी पत्रे लावले की हे हलणे थांबते. काही ठिकाणी या पट्ट्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, म्हणून किमतींची तुलना करताना त्या धरूनच करावी. रॅक उभारताना सर्व बोल्ट आधी सैल ठेवावेत, मागच्या बाजूचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत, ते सारखे आल्यावरच पट्ट्या कसाव्यात आणि मग उरलेले बोल्ट आवळावेत.

*

माझा अनुभव बिनबोल्टच्या रॅकचा आहे, म्हणजे खांबाच्या खाचेत आडवी पट्टी अडकवून रबरी हातोडीने ठोकून बसवायचा प्रकार. उभारणीला अत्यंत सोपा आणि फळीची उंची हवी तेव्हा बदलता येणारा हा रॅक मला मनापासून आवडतो. त्याचा लोखंडी सांगाडा उत्तम असतो, पण स्वस्त संचांतील फळ्या लाकडाचा भुसा दाबून केलेल्या असतात आणि आमच्या गॅरेजमध्ये दमट हवा कायम असते. अशा फळीच्या उघड्या कडा ओल शोषतात, फुगतात आणि एकदा फुगलेली कड सुकली तरी पूर्ववत होत नाही. मी सांगाडा तसाच ठेवून १८ मिलिमीटरचे पाणी सोसणारे प्लायवूड मापाने कापून घेतले आणि त्याच्या चारही कडांना रंगाचे दोन हात दिले. एकाच प्रतीचे प्लाय १२ ऐवजी १८ मिलिमीटर घेतले, तर ताठरपणा सुमारे ३.४ पट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. संचातल्या फळ्या नको म्हणून सांगितल्यास केवळ सांगाडा देणारे विक्रेतेही असतात. तेव्हा विचारून पाहावे.

*

प्लास्टिकच्या रॅकबद्दल थोडक्यात लिहितो. हलके डबे, कुंड्या, खेळण्यांच्या पेट्या यांसाठी ते ठीक आहेत, गंजत नाहीत आणि धुता येतात. परंतु कायमचे वजन ठेवल्यास प्लास्टिक हळूहळू वाकत राहते, गॅरेज उन्हात तापत असेल तर अधिकच, आणि वजन काढल्यावरही तो वाक पूर्ण जात नाही. रंगाच्या बादल्यांसाठी मी ते सुचवणार नाही.

*

मी लाकडी रॅक स्वतः करून घेतले आहेत. लाकूड आणि हत्यारे घरात असतील, तर हा पर्याय सर्वांत स्वस्त पडतो आणि जागेच्या मापात काटेकोर बसतो. यात एकच तत्त्व मी कधीही सोडत नाही : वजन लाकडावर टेकले पाहिजे, स्क्रूवर लटकता कामा नये. आडवी पट्टी खांबाला नुसती स्क्रूने जोडली, तर सगळा भार स्क्रूच्या दांड्यावर येतो. त्याऐवजी खांबात खाच पाडून पट्टी तीत बसवावी, किंवा पट्टीच्या खाली आधाराचा ठोकळा जमिनीपर्यंत नेऊन खांबाला जोडावा. मग स्क्रूचे काम फक्त जागेवर धरून ठेवण्याचे उरते. फळीची लांबी मी दोन आधारांच्या मध्ये ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त होऊ देत नाही. तेच वजन, तीच फळी आणि अंतर मात्र १२० सेंटिमीटर, असे केले की वाक सुमारे २.४ पट होतो, आणि लाकूड कायमच्या भाराखाली कालांतराने आणखी थोडे खाली येते. लांब रॅक हवाच असेल, तर मध्ये एक खांब वाढवणे हे फळी जाड करण्यापेक्षा स्वस्त पडते.

*

वापरलेले रॅक घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी माझा अनुभव. बंद होणाऱ्या दुकानांतील आणि गोदामांतील जुने रॅक घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या रॅकपेक्षा पुष्कळदा जाड पत्र्याचे असतात. पाहणीला जाताना मी ओळंबा आणि एक लांब दोरी नेतो. दोरी खांबाच्या कडेला वरपासून खालपर्यंत ताणून धरली की कुठे बाक आहे ते लगेच दिसते. खांबाला पोच आलेला असेल, तर तो रॅक कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा, कारण उभ्या खांबाची ताकद त्याच्या सरळपणावरच अवलंबून असते. फळी वाकडी निघाली तर ती बदलता येते. वरवरचा गंज घासून, प्रायमर आणि रंग लावून थांबवता येतो. खांबाच्या तळाशी पत्रा पापुद्र्यांनी सुटत असेल, तर मात्र हात लावू नये.

गंजाचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगतो की जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर ओरखडा पडला, तरी आजूबाजूचे जस्त स्वतः झिजून लोखंडाला काही काळ वाचवते. पावडर कोटिंग, म्हणजे पावडरीचा भाजून पक्का केलेला रंग, दिसायला सुंदर असते. पण ते फुटले की त्याच्या खालून गंज पसरत जातो. बॅटरीतील आम्ल जस्तालाही खाते, म्हणून बॅटरीखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवावाच.

*

सर्वांनी रॅकविषयी लिहिले आहे, मी जमिनीविषयी लिहिते. पाणी बाहेर जावे म्हणून गॅरेजच्या जमिनीला बहुधा दाराकडे उतार दिलेला असतो. रॅक मागच्या भिंतीला ठेवला, तर तो या उतारामुळे पुढे झुकतो. उतार केवळ एक टक्का असला, तरी १८० सेंटिमीटर उंचीवर रॅकचे डोके सुमारे १८ मिलिमीटर पुढे येते, आणि वर जड खोकी असतील तर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. पाय फिरवून उंची जुळवता येणारे रॅक यासाठीच थोडे महाग असले तरी घ्यावेत. ते नसतील तर पुढच्या पायांखाली लोखंडी चकत्या द्याव्यात. लाकडाची पाचर ओल धरते आणि दबते.

रॅकची उंची आणि खोली (पुढून मागपर्यंतचे माप) यांचे प्रमाणही पाहायला हवे. उंची खोलीच्या सहापटीहून अधिक झाली, तर रॅक पक्का बांधावा, असा दंडक गोदामांमध्ये पाळला जातो. १८० सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर खोल रॅक अगदी या मर्यादेवर आहे. ४५ सेंटिमीटर खोलीचा तोच रॅक चौपटीवर येतो आणि पुष्कळ स्थिर राहतो. घरात मुले असतील, तर प्रमाण काहीही असो, वरचा भाग भिंतीला एका पट्टीने अडकवावा, कारण मुले फळ्यांवर पाय देऊन चढतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल, तर दोन रॅक पाठीला पाठ लावून एकमेकांना बोल्टने जोडावेत, म्हणजे खोली आपोआप दुप्पट होते. सर्वांत जड सामान खालच्या दोन फळ्यांवर ठेवावे, हे तर सर्वच प्रकारांना लागू आहे.

रॅकची खोली ठरवण्याआधी गाडी आत उभी करून तिची दारे पूर्ण उघडावीत आणि उरलेली जागा मोजावी. आमच्याकडे बाजूच्या भिंतीला ३० सेंटिमीटरचे आणि मागच्या भिंतीला ४५ सेंटिमीटरचे रॅक याच मापावरून ठरले.

*

चाके लावावीत का, असे एकांनी मला विचारले होते, त्याचे उत्तर इथेच देतो. चाके लावली की रॅकची एकूण क्षमता चाकांच्या क्षमतेइतकीच उरते, आणि जमीन खडबडीत असेल तर चारपैकी एक चाक अधांतरी राहते, म्हणून हिशेब तीन चाकांचाच करावा. उताराच्या जमिनीवर निदान दोन चाकांना पक्का ब्रेक हवा. हलक्या अवजारांसाठी कमरेएवढ्या उंचीचा चाकांचा रॅक सोयीचा असतो. उंच आणि जड रॅकला मी चाके लावणार नाही.