गिऱ्हाइकांना एआयचे कॉल लावू का?

लालबागकर: वॉटर प्युरिफायर सर्व्हिसिंगचं छोटं दुकान आहे माझं, चारेकशे गिऱ्हाइकं, फिल्टर बदलायची तारीख आली की मीच फोन करत बसतो, रोजचे दोन तास त्यातच जातात. एकजण एआय कॉल लावून देतो म्हणतोय, मराठीत बोलतो म्हणे. कोणी वापरलंय का?

पार्लेकर: दोन महिने वापरलं. तारीख नीट सांगतो, पण माणूस लोकलमध्ये असला की गाडीच्या आवाजात त्याला काही कळत नाही. "परवा दुपारनंतर या, पण लिफ्ट बंद आहे" म्हटलं की संपलं. एक आजी त्याला "बाळा, जेवलास का?" विचारत होत्या आणि हा आपला परत तारीखच सांगतोय 😂

ठाणेकर: साध्या मोबाईल नंबरवरून शेकड्याने कॉल करू नका हां, नंबर बंद होईल. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी संस्था) नियमात जाहिरातीच्या कॉलला १४० ने सुरू होणारे नंबर आहेत, बँकांच्या सर्व्हिस कॉलला १६०० ने. नको असलेल्या कॉलची लोक १९०९ वर तक्रार करतात. आणि सुरुवातीलाच मशीन बोलतंय म्हणून सांगा, नंतर कळलं की जास्त चिडतात.

लालबागकर: मग आधी पन्नास जणांवर करून बघतो. आजी लोकांना मीच लावीन फोन.