मदत हवी आहे: कोल्हापूर ते पंढरपूर सायकलने एका दिवसात, हातात बारा आठवडे आणि गुडघा दुखतोय

नमस्कार मंडळी,

माझं वय 43, राहते कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहाजण इथून सायकलने पंढरपूरला निघणार आहोत. सांगली-मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला या वाटेने साधारण 180 किलोमीटर, एका दिवसात. बाकीचे पाचजण तिशीच्या आतले, रोज तालमीत घाम गाळणारे आहेत. त्यांचं होईल. माझं कसं होईल, हे विचारायला हा धागा.

आधी कशासाठी ते सांगते. माझे वडील, आप्पा, पावणेतीन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. आमचं घर जवळ, त्यामुळे संपलं की रिक्षाने दहा मिनिटांत आप्पा अंथरुणावर. शेजारच्या खाटेवर भुदरगडकडचे एक काका असायचे. ते पहाटे चारला घर सोडायचे. मशीनवरून उठल्यावर अंगात त्राण नसायचं, तशात स्टँडवर एसटीची वाट बघत बसायचे आणि गावच्या फाट्यावर उतरून पुढे चालत जायचे. हळूहळू ते तीनाऐवजी दोनदाच यायला लागले. पाय सुजलेले, बोलताना धाप. आप्पा मला म्हणायचे, त्यांना कुणीतरी घरापर्यंत सोडायला पाहिजे गं.

आप्पा आता नाहीत. राधानगरी-भुदरगड बाजूच्या रुग्णांना घरून आणून घरी सोडणारी एक गाडी वर्षभर भाड्याने लावायची, एवढाच आमचा बेत आहे. लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल केलेत, कुणी 5 रुपये, कुणी 20. म्हणजे मी 120 किलोमीटरवर थांबले तर माझ्या नावावरचे 60 किलोमीटरचे पैसे गेले. रात्री झोप लागत नाही ती यानेच.

आता माझी तयारी. सायकल हायब्रिड आहे, पुढे तीन आणि मागे सात चकत्या. जूनपासून पाऊस बघून आठवड्यातून तीनदा बाहेर पडते. दोनदा रंकाळ्यावरून कळंब्याकडे 20-25 किलोमीटर, रविवारी लांब. आजवरचं सगळ्यात लांब अंतर 58. दोनदा पन्हाळाही केला. वाघबीळच्या पुढे चढ लागला की उजव्या गुडघ्यात समोरून, वाटीच्या खाली, कळ येते. उतरले की थांबते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना परत जाणवते. सूज नाही. डॉक्टरांनी तपासून हाड-सांधा ठीक असल्याचं सांगितलंय आणि सायकल बसायला नीट आहे का बघा म्हणालेत. ते कुणाकडून बघून घ्यायचं, ते मला कळत नाही. ज्या दुकानातून सायकल घेतली तिथे सीट खाली करून दिली होती, दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत म्हणून.

दुसरं म्हणजे 45 किलोमीटरनंतर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. आणि तिसरं, 50च्या आसपास एकदम सगळं संपल्यासारखं होतं, हात थरथरतात, रडू येतं. सकाळी चहा-बिस्किटं खाऊन निघते. वाटेत फक्त पाणी.

चौथी काळजी उसाची. डिसेंबरात कारखाने जोरात चालू असतात. शिरोली-हातकणंगले-जयसिंगपूर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, रस्त्यावर पडलेली कांडी. आमची पोरं म्हणतात पहाटे तीनला निघू, उन्हाच्या आत निम्मं अंतर काढू. मला अंधारात त्या ट्रॉल्यांच्या मागे जायची भीती वाटते. माझी भीती फाजील आहे का?

ज्यांनी असं अंतर केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, भीती अजिबात फाजील नाही. ऊस भरलेल्या ट्रॉलीला मागे दिवा सोडा, रिफ्लेक्टरही बऱ्याचदा दिसत नाही. उसाच्या टोकांनी झाकला जातो. हिशेब करा. ताशी 20ने 180ला नऊ तास, थांबे दीड तासाचे, म्हणजे साडेदहा. त्या दिवसांत इथे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि सहानंतर मावळतो. साडेसहाला, दिसायला लागल्यावर, निघालात तर पाचपर्यंत पोचता. पण हाती तासभरच उरतो, म्हणून थांबे ठरवून घ्या आणि चहाला अर्धा तास घालवू नका. मागे एक गाडी असू द्या. आणि पोरांना एक सांगा, थंडीत या पट्ट्यात वारा बहुधा पूर्वेकडून असतो, म्हणजे तुमच्या तोंडावर. कवठेमहांकाळच्या पुढे माळरान आहे, आडोसा नाही. तिथे सहाजणांनी एकामागे एक चालवायची, पुढचा दर पाच मिनिटांनी बदलायचा. तुम्ही पुढे नाही आलात तरी चालेल, त्यात कमीपणा नाही.

गुडघा: सीट खाली आहे, माझी जवळजवळ खात्री आहे. समोरून दुखणं बहुतेक वेळा त्यानेच. भिंतीला धरून सायकलवर बसा, पॅडल सगळ्यात खाली न्या आणि टाच त्यावर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात जरासा बाक राहतो, तेवढाच हवा. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, सीटवर बसून नाही. एकदम वर घेऊ नका, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा सेंटीमीटर. चढाला जड गिअर दाबून चढत असाल तर तेही बंद करा. सपाटीला अर्ध्या मिनिटात उजवा पाय 40 वेळा फिरला पाहिजे. गुडघा शांत होईपर्यंत पन्हाळा नको. तुमच्या वाटेवर तसा चढ नाहीच.

बोटांसाठी सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. झुकलं असेल तर सगळा भार तळहातावर येतो. दहा मिनिटांनी हात हलवायचे, कोपर सैल.

50ला होतं ते उपाशीपणामुळे. पहिल्या अर्ध्या तासापासून खायला लागा, दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. दोन केळी, किंवा एक केळं आणि गुळाचा मोठा खडा. आपल्याकडे गुऱ्हाळाचा ताजा गूळ मिळतो, त्याहून चांगलं काय. एका बाटलीत ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. घरी आलात की गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध.

रविवारचं अंतर असं वाढवा: 60, 70, 80, मग 60 वर परत, 90, 100, 115, परत 80, 125, 140, आणि शेवटच्या रविवारी फक्त 70. ज्याला 140 झाले त्याला सोबतीने 180 होतात.

एक न विचारलेलं सांगतो. किलोमीटरमागचे पैसे आत्ताच ठोक करून घ्या. दुखरा गुडघा रेटायला लावणारा हिशेब ठेवूच नका. शिवाय पैसे नोंदणीकृत संस्थेमार्फत घेतलेत तर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी पावती मिळू शकते, संस्थेकडे ती मान्यता आहे का बघून घ्या. 2,000 रुपयांच्या वरची देणगी रोखीने घेऊ नका, त्यावर सवलत मिळत नाही.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. काल टाच ठेवून बघितलं, गुडघा चांगलाच वाकलेला होता. सीट अर्धा सेंटीमीटर वर घेतली, आज कळंब्यापर्यंत जाऊन आले, उतरताना थोडी घाबरले पण जमलं. पोरांना वेळेचा हिशेब दाखवला, साडेसहा ठरलं. देणगीदारांना फोन लावतेय. चौदापैकी नऊजणांनी पूर्ण रक्कम आधीच देतो म्हणून सांगितलं. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, अगं गाडी लागणार आहे ना, मग तू कुठवर गेलीस ते मी कशाला मोजू.

रविवारी हातकणंगल्याच्या पुढे जाऊन 60 करते. गूळ घेऊन. गुडघ्याचं सोमवारी इथेच लिहिते.