वांगावर समुद्रशैवालाच्या कॅप्सूल

समुद्रशैवालाचा अर्क कॅप्सूलमधून पोटात घेतल्याने वांग (चेहऱ्यावरचे काळपट डाग) फिका पडतो, असं जाहिराती सांगतात; त्याबद्दल थोडं लिहितो. दावा अगदीच हवेतला नाही. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होताना टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं आणि त्याच्या गाभ्यात तांबं असतं. कोरियात जेजू बेटाच्या आसपास मिळणाऱ्या एक्लोनिया कावा या तपकिरी शैवालात डायेकॉलसारखे फ्लोरोटॅनिन (शैवालातली एक प्रकारची संयुगं) असतात, ते या एन्झाइमला रोखतात. वाकामे या दुसऱ्या शैवालातल्या फ्युकोझँथिन या रंगद्रव्याबद्दलही असे निष्कर्ष आहेत.

पण रोखतात ते कुठे? बहुतेक प्रयोगांतलं टायरोसिनेज अळिंबीतून काढलेलं असतं आणि पेशी उंदराच्या कर्करोगाच्या, बी-१६ नावाच्या. त्यापुढे झेब्राफिश, उंदीर. अळिंबीचं एन्झाइम माणसाच्या एन्झाइमसारखं तंतोतंत वागत नाही, हे जाहिरातवाले सोयीस्करपणे गिळतात. शिवाय फ्लोरोटॅनिन आतड्यातून फारसे शोषलेच जात नाहीत, मग गालापर्यंत पोचणार किती?

मला खरी काळजी आयोडीनची वाटते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं; कोंबू या शैवालाच्या सुक्या एका ग्रॅममध्येच १००० हून जास्त असू शकतं. थायरॉइडची गोळी चालू असेल, किंवा गरोदरपणात वांग आला असेल (तो बऱ्याचदा तेव्हाच येतो), तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडूच नका. हिजिकी नावाचं शैवाल तर नकोच, त्यात अजैविक आर्सेनिक असतं. ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ मध्येच ते खाऊ नका असं सांगितलं होतं.

सुशीभोवती गुंडाळलेलं शैवाल, म्हणजे नोरी, मात्र खुशाल खा. चवीसाठी.