पुस्तकांची यादी मंडळीने ठरवली असेल, तर अधिकार कोणाचा मोठा?

प्रश्न (जिज्ञासू वाचक)

विश्वासाच्या व आचरणाच्या बाबतीत पवित्र शास्त्राचा शब्द अखेरचा, ही शिकवण मी मनापासून मानतो. परंतु काही दिवसांपासून एक शंका पाठ सोडत नाही. नव्या करारातील नेमकी सत्तावीस पुस्तके, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही, अशी नोंदवणारी सर्वांत जुनी यादी म्हणून अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी इ. स. ३६७ मध्ये पुनरुत्थान सणानिमित्त लिहिलेल्या पत्राकडे सामान्यतः बोट दाखवले जाते. प्रेषितांचा काळ संपून तोवर अडीच शतकांहून अधिक वर्षे लोटली होती. कोणते पुस्तक शास्त्र आणि कोणते नव्हे हे मंडळीने (म्हणजे चर्चने) ठरवले असेल, तर मंडळीचा अधिकार शास्त्राच्याही वर जात नाही काय? प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित आहे असे सांगणारे २ तीमथ्य ३:१६ हे वचन कृपया उत्तरादाखल देऊ नये, कारण शास्त्राची साक्ष शास्त्रानेच दिल्यासारखे ते होते. शिवाय पौल ज्या शास्त्रलेखांविषयी तेथे बोलतो ते तीमथ्याला बालपणापासून ठाऊक होते, म्हणजे ते मुख्यतः जुन्या कराराचेच.

उत्तर १ (शास्त्राभ्यासी)

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण या चर्चेत तो हमखास डोकावतो: इ. स. ३२५ च्या नायकेया येथील बिशपांच्या परिषदेने बायबलची यादी ठरवली नाही. त्या परिषदेने केलेल्या वीस नियमांत या विषयावर एकही नियम नाही. हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथील सभांनी यादी संमत केली हे खरे, पण त्या उत्तर आफ्रिकेतील प्रादेशिक सभा होत्या.

आता मूळ मुद्दा. सोनार कसोटीवर घासून सोन्याचा कस सांगतो, म्हणून सोने सोनारामुळे सोने झाले असे कोणी म्हणत नाही. चार शुभवर्तमाने व पौलाची बहुतेक पत्रे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस दूरदूरच्या मंडळ्यांमध्ये अधिकाराने वाचली जात होती. दुसऱ्या शतकातील बिशप आयरेनियस तर शुभवर्तमाने चारच का, याची कारणे इ. स. १८० च्या सुमारास देत होते. वाद राहिला तो कडेच्या पुस्तकांबद्दल: इब्री लोकांस पत्र, याकोब, २ पेत्र, २ व ३ योहान, यहूदा आणि प्रकटीकरण. हे लेखन प्रेषितांपासून आले आहे काय, त्यांच्या शिकवणीशी जुळते काय आणि सर्वत्र वाचले जाते काय, एवढेच मंडळीने पाहिले. जे आधीपासून बंधनकारक होते ते तिने ओळखले. तिने ते बंधनकारक केले नाही.

उत्तर २ (कॅथलिक वाचक)

सोनाराचा दाखला चांगला आहे, पण तो अर्ध्यावर सोडून दिला आहे. ज्या ग्राहकाला कस लावता येत नाही, त्याला सोनाराच्या शब्दावर विश्वास ठेवावाच लागतो. आणि सोनारांमध्येच मतभेद असतील तर? सिरियाक भाषेतील जुन्या पेशित्ता भाषांतरात २ पेत्र, २ व ३ योहान, यहूदा आणि प्रकटीकरण नव्हते, आणि ते वाचणारेही निष्ठावंत ख्रिस्ती होते. ख्रिस्तसभेच्या (म्हणजेच मंडळीच्या) अधिकाराने आपल्याला प्रवृत्त केले नसते तर आपण शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता, अशा आशयाचे प्राचीन धर्माचार्य ऑगस्टीन यांचे विधान याच गरजेतून आले आहे.

तरीही ‘सभा शास्त्राच्या वर’ हे कॅथलिक मत नाही, हे स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संमत केलेल्या दस्तऐवजात असे म्हटले आहे की शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी उगमातून वाहतात, आणि सभेचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे. उलट ‘केवळ शास्त्र’ म्हणणाऱ्या प्रोटेस्टंटांनाही निवाडा करावाच लागला: धर्मसुधारक लूथर यांनी १५२२ च्या जर्मन नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही पुस्तके शेवटी ठेवली, आणि याकोबाच्या पत्राविषयीची नाराजीही लपवली नाही.

जिज्ञासू वाचक

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. पण मग सामान्य विश्वासणाऱ्याची खात्री नेमकी कशावर उभी राहते?

उत्तर ३ (धर्मसुधारणेचा अभ्यासक)

‘केवळ शास्त्र’ याचा अर्थ शास्त्राखेरीज दुसरा अधिकारच नाही असा नव्हे; विश्वासांगीकार, परिषदा व पूर्वाचार्य यांनाही मान आहे, मात्र चुकू न शकणारा अधिकार एकच आहे. धर्मसुधारक कॅल्व्हिन यांच्या मते पांढऱ्या-काळ्याचा भेद डोळ्यांना आणि गोड-कडूचा भेद जिभेला कळतो, तसे शास्त्र आपले सत्य स्वतःच प्रकट करते, आणि त्याची खात्री अंतःकरणात पवित्र आत्मा पटवतो. योहानाचे शुभवर्तमान वाचताना मला हे पटते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील वंशावळी वाचताना तसा काही अनुभव येतो, असे मात्र मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे आत्म्याची साक्ष संपूर्ण शास्त्रातून बोलणाऱ्या देवाविषयी आहे. पुस्तकांची यादी एकेक करून तपासण्याचे ते साधन नव्हे, आणि तेथे इतिहासाचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते जुन्या करारात दिसते. यहूदी लोकांच्या इब्री शास्त्राच्या यादीबाहेरील पुस्तके वाचण्यास चांगली, पण त्यांवर सिद्धांत उभारू नये, असे बायबलचे लॅटिन भाषांतरकार जेरोम यांचे मत होते. त्यांचे समकालीन ऑगस्टीन यांनी ती शास्त्र म्हणून स्वीकारली. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४६ मध्ये ऑगस्टीन यांच्या बाजूने निर्णय दिला, प्रोटेस्टंट मंडळ्या जेरोम यांच्या बाजूला राहिल्या, आणि म्हणून एका बायबलमध्ये त्र्याहत्तर तर दुसऱ्यात सहासष्ट पुस्तके आहेत. प्रश्नकर्त्यांनी या वादातील पुस्तकांपैकी २ मक्काबी १२ मधील मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा उतारा वाचून पाहावा. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, या प्रश्नावर शास्त्रातून काय दाखवता येईल, हे तो उतारा आपल्या बायबलमध्ये आहे की नाही यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहते.