बारा शब्द बरोबर, तरी शिल्लक शून्य. बाबांचं बिटकॉइन गेलं कुठे?

सांगलीची_लेक:
बाबांनी २०१७ साली थोडं बिटकॉइन घेतलं होतं. यंदा मार्चमध्ये ते गेले. त्यांचा फोन सुरूच होत नाही, पण डायरीत बारा इंग्रजी शब्द आणि खाली एक पत्ता बॉलपेनने लिहिलेला आहे. सातवा शब्द पुसट झालाय, पहिली चार अक्षरं तेवढी वाचता येतात, त्यावरून भरला. नव्या वॉलेट ॲपने शब्द घेतले, पण शिल्लक शून्य. डायरीतला पत्ता १ ने सुरू होतो, ॲपमधले बीसी१क्यूने. शब्द चुकला की कुणी पैसे काढले?

जुनी_किल्ली:
ताई, पैसे बहुधा जागेवरच आहेत. सातव्या शब्दाची काळजी सोडा. हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यात २०४८ शब्द आहेत आणि पहिल्या चार अक्षरांवरून त्यातला प्रत्येक ओळखता येतो.

खरी गोम पत्त्यात आहे. वॉलेटमध्ये नाणी नसतात, ती हलवायच्या किल्ल्या असतात. बारा शब्दांतून एक बीज तयार होतं, बीजातून किल्ल्यांचं झाड फुटतं आणि प्रत्येक किल्लीतून पत्ता निघतो. कुठल्या फांदीवर शोधायचं हे 'डेरिव्हेशन पाथ' ठरवतो. ४४ च्या फांदीवर १ ने सुरू होणारे पत्ते, ८४ वर बीसी१क्यूवाले. बाबांचं वॉलेट ४४ वर होतं, तुमचं ॲप ८४ वर शोधतंय.

संगणकावर इलेक्ट्रम हे वॉलेट घ्या, त्यांच्या मूळ साइटवरूनच. शब्द भरताना 'ऑप्शन्स'मध्ये 'बीआयपी३९'वर (बारा शब्दांची ही पद्धत) खूण करा आणि पुढे 'लेगसी', म्हणजे १ ने सुरू होणारे पत्ते, निवडा.

एवढं पोटतिडकीने सांगतोय, कारण माझी नाणी गेली आहेत. २०१३-१४ मध्ये माझ्या वॉलेटमध्ये प्रत्येक किल्ली सुटी तयार व्हायची, १०० किल्ल्या आगाऊ करून ठेवलेल्या असायच्या. मी पेन ड्राइव्हवर एकदाच बॅकअप घेतला. पुढे शंभरावर व्यवहार झाले आणि हार्ड डिस्क गेली. नंतरच्या किल्ल्या बॅकअपमध्ये नव्हत्याच. ती नाणी आजही पत्त्यावर दिसतात, हलवता येत नाहीत. तुमच्याकडे बारा शब्द आहेत, म्हणजे त्या झाडाच्या सगळ्या किल्ल्या आहेत.

वाईकर:
आता 'मदत करतो' म्हणून मेसेज येतील. बारा शब्द कुणालाही देऊ नका, कुठल्याही साइटवर टाकू नका. आणि बाबांनी जादा पासफ्रेज, म्हणजे बारा शब्दांसोबत टाकायचा स्वतःचा गुप्त मजकूर, लावली असेल तर ती टाकल्याशिवाय तेच शब्द वेगळंच, रिकामं वॉलेट उघडतील. डायरीची मागची पानंही बघून घ्या.

सांगलीची_लेक:
दिसले! आईला झोपेतून उठवून दाखवलं. पण डायरीतल्या पत्त्यावर शून्यच आहे, सगळी रक्कम भलत्याच पत्त्यावर. बाबांनी एकदा ०.०१ कुणाला तरी पाठवल्याचं दिसतंय.

जुनी_किल्ली:
वाचून फार बरं वाटलं, ताई. ते चेंज ॲड्रेस. पत्त्यावर एकरकमी ०.०५ आलं असेल तर ते फोडून ०.०१ काढता येत नाही, पूर्ण ०.०५ खर्ची पडतं. ०.०१ समोरच्याला जातं, थोडी फी जाते, आणि उरलेलं वॉलेट स्वतःच्याच नव्या पत्त्यावर परत घेतं. तो पत्ताही त्याच बारा शब्दांतून निघालेला, म्हणून इलेक्ट्रमला सापडला.

आता नवं वॉलेट करा, त्याचे नवे शब्द कागदावर उतरवा आणि रक्कम तिकडे हलवा. जुने शब्द फोनमध्ये टाइप झालेत. आधी अगदी थोडी रक्कम पाठवून बघा. आणि नव्या शब्दांखाली वॉलेटचं नाव अन् '८४' की '४४' तेवढं आईला वाचता येईल असं लिहून ठेवा.